दोन तळ्यांची पंगत

११ फेब्रुवारी २०२४

सोडली एकदाची! दोन्ही तळ्यांत चिलापी माशांची पिलं. बोटाच्या पेराएवढी. फुगवलेल्या पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगू दिल्या — आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारख्याच उबेचं व्हावं म्हणून. मग तोंड सोडलं, तर कोणीच बाहेर येईना. स्टँडवर गाडी लागली की दारातला पहिला माणूस उगाच थबकतो ना, तसं. मग एक निघालं आणि मागोमाग सगळी गर्दी.

कौसल्या बांधावर आली नाही. मोहाच्या झाडाखाली बसून लांबूनच पाहत होती. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही तळी चार दिवसांत गेली, तेव्हापासून ती पाण्याजवळ फिरकलेली नाही. तिच्या पावलांच्या आवाजाने काठाला यायचे ते मासे. टोपल्या भरभरून खड्ड्यात पुरले, वर चुना टाकला. आज एवढंच म्हणाली — "हे आखरीचं. या खेपेले गेले त तळ्याची पन्नी फाडा अन् तूर पेरा."

मी हो म्हटलं. आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसाला दुसरं काय येतं? डबल बेल पडली की निघायचं.

१३ फेब्रुवारी

पिलं दिसत नाहीत. पाणी हललं की वाटतं, आहेत.

२० फेब्रुवारी

निकिता आली होती. मूळची उमरखेडची, मत्स्य महाविद्यालयात संशोधन करते. गेल्या वर्षी मेलेले मासे बर्फात घालून हीच घेऊन गेली होती, आणि हा विषाणू आहे, यावर औषध नाही, हेही हिनेच कळवलं होतं. तेव्हा फोनवर तिचा आवाज असा झाला होता की मीच तिची समजूत काढली.

आता लस घेऊन आली आहे. "काका, हजारो माशांना सुई कोण टोचणार? म्हणून दाण्यातून द्यायची." लस म्हणजे मेलेला विषाणू. माशाच्या अंगाला त्याची ओळख पटवून ठेवायची, म्हणजे खरा आला की अंग तयार असतं. पण तो नुसताच दाण्यात घातला तर पोटातल्या आंबटात विरघळून जातो, पुढे आतड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून त्याला कोळंबीच्या टरफलापासून केलेल्या कणांत गुंडाळायचं. नॅनो कण. मी विचारलं, केवढा असतो? तर पोरीने माझ्या डोक्यावरचा एक पांढरा केस उपटला — विचारलंसुद्धा नाही! — आणि म्हणाली, "या केसाच्या जाडीत असे शेकड्यांनी शेजारी शेजारी बसतील."

मी केस उन्हात धरून पाहत राहिलो. मग लक्षात आलं. अरे, ही तर बस आहे! आत प्रवासी, बाहेर आंबट पाऊस, काचा लावलेल्या, आणि आतड्याच्या स्टँडवर सुखरूप उतरवायचं. निकिता हसली. "बसच काका." तीस वर्षं गाडी हाकली, इतकी लहान कधी ताब्यात आली नव्हती.

नियम असा. दोन पिशव्या. निळ्या दोरीची रस्त्याकडच्या तळ्याला, पिवळ्या दोरीची मोहाकडच्या तळ्याला. एकीत लस आहे, एकीत साधा दाणा. कोणत्या पिशवीत काय, ते निकितालाही माहीत नाही, फक्त तिच्या सरांना. माहीत असलं की माणसाचा हात नकळत झुकतो, म्हणते. हे मात्र पटलं मला. ओळखीचा प्रवासी दिसला की ब्रेक जरा लवकरच लागायचा.

कौसल्या चहा ठेवता ठेवता ऐकत होती. "म्हंजे एकाले देनार अन् एकाले नाही?"

"हो काकू. तेव्हाच फरक कळेल."

 निकिता गेल्यावर कौसल्या म्हणाली, दाणे मी टाकीन. मला इतका आनंद झाला! पुन्हा पाण्याजवळ येणार म्हणजे.

४ मार्च

सकाळी ती पडवीत घमेलं पुढ्यात घेऊन दाण्यांत हात फिरवत बसलेली. गहू निवडावेत तशी. म्हटलं, काय शोधतेस? म्हणे, खडे असतात. माशाच्या दाण्यात कसले खडे! पण तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी असं काहीतरी होतं की मी गंमत केली नाही.

१९ मार्च

मोह फुलला. फुलं टपटप पाण्यात पडतात आणि पिलं त्यांना टोचून बघतात. मोहाकडचे मासे जरा सुस्तच आहेत. दाणे टाकले तरी निवांत येतात. रस्त्याकडचे मात्र धावत सुटतात. मी म्हटलं, यांना मोहाची चढते. कौसल्या म्हणाली, "गरीब हायेत ते. तुमाले सारेच बेवडे दिसते."

दुपारी तिथेच डोळा लागला. स्वप्नात मी तळ्याच्या तळातून गाडी चालवत होतो. लाल गाडी, काचा बंद, बाहेर हिरवं पाणी. हेडलाइट लावले होते. थांब्या-थांब्यावर मासे हात दाखवत उभे — माशांना हात कुठून आले, ते स्वप्नात खटकलं नाही. निकिता कंडक्टर. सगळ्यांना घ्या, सगळ्यांना घ्या, म्हणत होती, आणि गाडी काही भरत नव्हती. जाग आली तेव्हा छातीवर मोहाची फुलं पडली होती. किती तरी वेळ उठलोच नाही. पाणी, ऊन, फुलं, आणि मी कुठल्या डेपोचा, काही सुचेना.

२ एप्रिल

मासे तळहाताएवढे झाले. काही नाही लिहायला. सुख आहे.

१७ एप्रिल

शेजारच्या खेमसिंगचं तळं गेलं. तांड्याच्या खालच्या अंगाला आहे त्याचं, आमच्याइतकंच. सकाळी इथे येऊन बांधावर बसला. म्हणाला, "डायवर, सारं गेलं ना बाप्पा. परवापावतो खाऊन राह्यले होते." डोळे सुजले, अंगावर लाल चट्टे, पाण्याच्या वर वर येऊन गोल गोल फिरायला लागले, आणि मग पांढरे. आमच्यासारखंच, गेल्या वर्षीसारखंच.

कौसल्याने त्याला चहा दिला. नंतर तो बसला होता ती जागा धुतली, त्याच्या पायाची माती आमच्या पाण्यात जायला नको म्हणून. तो गेल्यावर धुतली. त्याच्यासमोर नाही.

२५ एप्रिल

आमच्याकडेही आलं. रस्त्याकडच्या तळ्यात काही पांढरे, मोहाकडच्यातही काही. बगळे कुठल्या पाण्यातून उठून कुठल्या पाण्यात बसतात, त्यांना कोण अडवणार. कौसल्या जाळीने एकेक काढते आहे.  निकिताला फोन केला.

२९ एप्रिल

थांबलं! कालपासून एकही नाही. दोन्ही तळी दाण्यावर तुटून पडतात. मी बांधावर बसून रडलो, लिहायला काय लाज.

१२ मे

निकिताने नेलेल्या माशांच्या तपासण्या आल्या. विषाणू दोन्ही तळ्यांत होता. मेले थोडे, वाचले बहुतेक — दोन्हीकडे सारखेच.

मी म्हटलं, मग पेढे वाट!  तर ती हळूच म्हणाली, "काका, दोन्हीकडे सारखंच म्हणजे लसीचा काहीच उपयोग झाला नाही. लस न घेतलेलेही तेवढेच वाचले ना. सर म्हणतात, हे काम इथेच थांबवू." आमचे मासे जिवंत आहेत, आणि म्हणूनच तिची लस खोटी ठरली. हे कसलं गणित आहे? दोनदा समजावून घेतलं. गणित बरोबर आहे.

कौसल्या स्वयंपाकघरात होती. भाकरी करपल्याचा वास आला. तिची भाकरी कधी करपत नाही.

१३ मे

आज सांगितलं तिने. सकाळी तळ्यावर जाता जाता, मागे न बघता.

दोन्ही पिशव्या ती रोज घमेल्यात एकत्र करायची. मग अर्धं या तळ्याला, अर्धं त्या तळ्याला. पहिल्या दिवसापासून. खडे नव्हतेच.

मी ओरडलो. हो, ओरडलो. त्या पोरीची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, म्हटलं. ती थांबली आणि माझ्याकडे न बघता बोलली. जमेल तसं लिहून ठेवतो.

"मी सात वर्साची असीन. गावात लगन होतं, मोठ्या घरचं. सारा गाव जेवाले. आमाले गोठ्यामांगं बसवलं, सारे उठल्यावर. मोरच्या पंगतीले बुंदी होती, तूप होतं. आमाले वरन-भात. तुपाचं भांडं घेऊन एक मानूस कोपऱ्यापावतो आलता. मी पत्रावळ मोरं केली. त्यानं पाह्यलं. अन् वळला. मायनं म्हटलं, जेव मुकाट्यानं." मग म्हणाली, "माझ्या हातानं मी कोनाले असं वाढनार नाही. मासा असला तरी."

इतका संसार केला आम्ही. हे ती कधी बोलली नव्हती. मला माझ्या आवाजाची शरम वाटली. पण निकिताचं काय, हेही डोक्यातून जात नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि मी मध्ये उभा होतो.

१५ मे

निकिताला बोलावून घेतलं. कौसल्यानेच सगळं सांगितलं, गोठ्यापासून. निकिता ऐकत राहिली. आधी चेहरा पडला, मग तिचे डोळे मोठे झाले. "काकू, म्हणजे दोन्ही तळ्यांना अर्धी अर्धी लस मिळाली! खेमसिंगकाकांचं तळं गेलं आणि तुमची दोन्ही राहिली..." मग पुन्हा खाली बसली. "पण हे कोणी मानणार नाही. शेजारच्या तळ्यावरून सिद्ध होत नाही. त्यांचं पाणी वेगळं, दाणा वेगळा. परत करावं लागेल. आणि त्यात एका तळ्याला साधाच दाणा द्यावा लागेल काकू. खरंच साधा."

कौसल्या उठून बाहेर गेली.

निकिता तिच्या मागे गेली नाही. मला तिचं ते आवडलं. दारातूनच म्हणाली, "काकू, सिद्ध झालं नाही तर ही लस कपाटात जाईल. मग तूप कोणालाच नाही. खेमसिंगकाकांना नाही, तुम्हाला नाही, कोणालाच."

१६ मे

कौसल्या दिवसभर मोहाखाली. 

१७ मे

"करा म्हना तिले," म्हणाली. "पन वाढीन मीच."

१४ ऑगस्ट

जुने मासे पांढरकवड्याच्या बाजारात गेले. तळी सुकवली, चुना मारला, पावसाचं पाणी भरलं, नवी पिलं सोडली. निकिताच्या सरांनी नव्याने चिठ्ठ्या टाकल्या. पुन्हा निळी दोरी रस्त्याकडे, पिवळी मोहाकडे, पण आत काय ते या खेपेला बदललंही असेल, नसेलही. आता पडवीत दोन वेगळी घमेली. एक या खुंटीला, एक त्या.

२३ ऑगस्ट

कौसल्याने ठरवून टाकलं आहे की साधा दाणा मोहाकडच्यांना आहे. विचारलं, तुला कसं माहीत? निकितालाही माहीत नाही.

"वाढनारीले कळते. पाहा न, कसे मांगं मांगं राह्यतात ते."

मोहाच्या सावलीतलं पाणी गार, म्हणून सुस्त असतील, असं मी म्हटलं. ऐकते कुठे! तर आता रोज पहिलं वाढप मोहाकडच्यांचं. ते पोटभर खाऊन खाली गेले की मग रस्त्याकडे. नियम मोडत नाही ती — ज्याची पिशवी त्यालाच, मापात. फक्त क्रम तिचा. आणि स्वतःची भाकरीही तिथेच बसून खाते, मोहाकडच्या काठावर. परवा पाहिलं, भाजीवर तेलसुद्धा घेत नाही. म्हटलं, हे काय? म्हणे, "त्यायच्या पंगतीले बसली न मी."

८ सप्टेंबर

मी रस्त्याकडच्या बांधावर बसतो. सवय. डेपोची गाडी फाट्यावरून वळताना हॉर्न देते, जुने सोबती आहेत. मी हात करतो. इकडचे मासे आपला नंबर येईपर्यंत काठाला दाटी करून थांबतात, शेवटच्या थांब्यावरची माणसं थांबतात तशी. येईल रे, येईल, म्हणतो मी त्यांना.

आज ढग असे खाली आले होते की कुठलं आभाळ आणि कुठलं पाणी, कळेना. एक मासा ढगातून वर आला, तोंड उघडलं, परत ढगात गेला. मला वाटलं, आपण मेल्यावर असंच असावं, काही हरकत नाही.

२७ सप्टेंबर

लसीचा दुसरा हप्ता झाला. निकिता येऊन वजनं घेऊन गेली. तिने कौसल्याला विचारलं, "काकू, राग नाही ना?" कौसल्या म्हणाली, "राग कायले? तू बी त जेवली नाई अजून. बस." आणि दोघी मोहाकडच्या काठाला जेवल्या. तेल न घातलेली भाजी निकितानेही खाल्ली, तोंड वाकडं न करता.

१२ ऑक्टोबर

दसरा. यंदा नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो नाही. करोनाची दोन वर्षं सोडली तर लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच चुकलं. कौसल्या म्हणाली, "वाढनारी बाई पंगत सोडून जाते काय?" घरीच बुद्धवंदना घेतली. खीर केली. तिने खाल्ली नाही.

ऊन पुन्हा तापलंय. खेमसिंगने परत पिलं सोडली होती. काल निरोप आला, त्याच्याकडे पुन्हा वर वर येऊन फिरायला लागलेत.

१९ ऑक्टोबर

सकाळी कौसल्या आधी मोहाकडे धावली. मी तिच्या मागे. पाणी शांत. दाणे टाकले तर निवांत आले, खाल्ले, गेले. एकही पांढरा नाही. ती मटकन खालीच बसली. हसायला लागली. असं हसणं! मीही हसलो, दोन म्हातारी माणसं चिखलात बसून.

मग रस्त्याकडे वळलो. ते आज काठाला दाटी करून थांबले नव्हते.

२४ ऑक्टोबर

रस्त्याकडचं गेलं. सगळं. मोहाकडे एक डाग नाही. निकिताचा फोन, हसते की रडते कळेना. सरांनी सांगितलं, लस मोहाकडच्यांना होती. काका, सिद्ध झालं, खेमसिंगकाकांना सांगा. आज सांगितलं त्याला.

कौसल्या म्हणाली, "म्हंजे बिनतुपाचे ते होते. अन् मी त्यायलेच मांगून वाढलं."

संध्याकाळी तिने पिवळ्या दोरीच्या, म्हणजे लसीच्या, पिशवीत उरलेले दाणे नेऊन रस्त्याकडच्या रिकाम्या पाण्यावर टाकले. सगळे. पाणी हललं नाही. दाणे भिजून बुडेपर्यंत आम्ही तिथे बसलो होतो.